पुलाच्या दोन टोकांचा इतिहास

जुना पूल पाडायचं ठरलं आणि रस्ते खात्याचं पुलावरचं प्रेम अचानक उतू जायला लागलं. इतकी वर्षं कठड्याला निदान रंग तरी लावा म्हणून लोक अर्ज करत होते, तेव्हा खातं कानात बोळे घालून बसलं होतं. आता खालच्या अंगाला नवा रुंद पूल सुरू झाला, जुन्याच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले आणि एका दुपारी खात्याचे तरुण इंजिनियर आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत येऊन बसले. पुलाचा एक दगडी खांब आठवण म्हणून राखणार होते. त्याच्यापाशी फलक लावायचा होता आणि त्यावरचा मजकूर मी लिहावा, असं त्यांचं म्हणणं.

"मॅडम, तुम्ही भूगोल शिकवता. शिवाय तुमचं लहानपण पुलाच्या टोकालाच गेलं. तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?"

"मजकूर केवढा?"

"छोटाच. लोक उभ्या उभ्या वाचतात. आणि एक विनंती आहे. त्या अपघाताचं नको. जरा चांगलं चांगलं लिहा."

मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप झाला.

पूल कोणी बांधला, इथूनच रडगाणं सुरू झालं. खात्याकडे जुने कागद मागितले तर ते म्हणाले, वाचनालयात असतील. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, असले कागद खात्याकडेच असतात. मग मी माणसांना विचारत सुटले, तर ते त्याहून वाईट. नदीच्या अलीकडच्या लोकांच्या मते पूल अलीकडच्या एका गवंड्याच्या डोक्यातून निघाला. पलीकडच्या लोकांच्या मते तो गवंडी पलीकडचा होता आणि अलीकडे फक्त जेवायला येत असे. दोन्हीकडचं एकमत एकाच गोष्टीवर, की चुन्यात अंडी फोडून घातली म्हणून खांब टिकले. इतकी अंडी घालायला कोंबड्या कुठून आणल्या, असं विचारलं की दोन्हीकडचे लोक माझ्याकडे दयेने बघत.

पुलाची खरी खोड मात्र कोणालाही डोळ्यांनी दिसत होती, तिला कागद लागत नव्हता. पूल अरुंद होता. ज्यांनी बांधला त्यांनी घोडागाड्या आणि ढकलगाड्या डोळ्यांपुढे धरल्या होत्या, बस आणि ट्रक त्यांच्या स्वप्नातही नव्हते. एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल एवढीच रुंदी, आणि त्यात मध्यावर चढ. या टोकाला उभं राहिलं तर ते टोक दिसत नसे. म्हणून खात्याने दांडक्याची पद्धत काढली.

पुलाच्या प्रत्येक टोकाला एक खोली, खोलीत एक राखणदार आणि त्याचं बिऱ्हाड. दोन टोकांत मिळून दांडकं मात्र एकच. हातभर लांब, जाडजूड, लाल रंगाचं, अडकवायला वर सुतळीचा फासा. ज्याच्या हातात दांडकं असेल त्याने आपल्या बाजूच्या गाड्या सोडायच्या आणि शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरला दांडकं द्यायचं. त्याने ते पलीकडच्या राखणदाराच्या हातात ठेवलं की मग तिकडच्या गाड्या सुटायच्या. दांडकं हातात नसेल तर साक्षात मंत्री आला तरी त्याला पुलावर सोडायचं नाही. नियम इतका सोपा की माझ्या पाचवीतल्या मुलींनाही एका तासात कळतो, आणि तरी त्यात माणसं मेली.

अलीकडच्या टोकाचे राखणदार माझे बाबा. पलीकडच्या टोकाचा राखणदार माझा मामा, आईचा थोरला भाऊ. दोघं आधी खडी फोडणाऱ्या एकाच टोळीत होते आणि एकाच डब्यात जेवायचे. मामाने मित्राला बहीण दिली आणि आईच्या सासरमाहेरात फक्त एक पूल राहिला. घरात मीठ संपलं तर मी पुलावरून माहेरी जाऊन वाटीभर घेऊन यायचे, असं ती सांगते. त्यातलं निम्मं बनावट असेल, पण सांगताना ती हसते, म्हणून मी कधी उलटतपासणी केली नाही.

मग एका सकाळी अलीकडून एक ट्रक सुटला आणि पलीकडून बस. चढावर दोन्ही समोरासमोर आल्या. ट्रक कठडा तोडून नदीत गेला आणि बस त्याच्या मागोमाग. नदीला पाणी होतं. माणसं गेली, आणि जे कोणाच्या हातात होतं ते दांडकंही वाहून गेलं. चौकशी बसली. बाबा म्हणाले, दांडकं माझ्या हातात होतं, मी ते ट्रकवाल्याला दिलं. मामा म्हणाला, दांडकं माझ्या हातात होतं, मी ते बसवाल्याला दिलं. दांडकं एक, तेव्हा दोघांतला एक खोटं बोलतो आहे, हे उघड होतं. कोण ते ठरेना, म्हणून खात्याने दोघांनाही घरी बसवलं. पुढे दिवे आले, लाल-हिरवे, आणि राखणदारांचं पदच गेलं.

त्यानंतर चाळीसेक वर्षं नदीच्या दोन काठांवर दोन इतिहास नांदत आहेत. अलीकडे म्हणतात, पलीकडचा म्हातारा खोटारडा. पलीकडे म्हणतात, अलीकडचा. माझ्या वर्गातली पलीकडून येणारी मुलगी आणि अलीकडची मुलगी एका बाकावर बसून यावरून भांडतात, आणि दोघींचे आईबापसुद्धा तेव्हा जन्मले नसतील. बाबांनी तर त्या दिवसापासून मामाचं नाव टाकलं. आईला म्हणाले, त्या टोकाला पुन्हा पाय ठेवायचा नाही. तिने ठेवला नाही. बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी ठेवला नाही.

फलकाचं काम माझ्याकडे आल्याचं कळलं तेव्हा आईने हातातला चष्मा पुसून पुन्हा पुसला.

"नीट लिही," ती म्हणाली.

"नीट म्हणजे?"

"दोघंही खरं बोलत होते, असं लिही."

"आई, दांडकं एक होतं. ते दोघांच्या हातात कसं असेल? मी भूगोल शिकवते, जादूचे प्रयोग नाही करत."

"तू लिही तर खरं. दादाला कोणीतरी वाचून दाखवेल. मग तो मला दार उघडेल."

मामा पार थकला आहे, फार दिवस काढेल असं वाटत नाही, हे मामेबहिणीने मला बाजारात भेटल्यावर सांगितलं होतं. आईला मी ते सांगणार नव्हते, पण ती माझ्या चेहऱ्यावरून ओळखते. तेव्हापासून तिने हा एकच घोष लावला. सकाळी चहाबरोबर, संध्याकाळी दिवा लावताना, मी वह्या तपासत असताना. लिहिलंस का? दोघंही खरं, असं लिहिलंस का? एकीकडे इंजिनियर म्हणतात अपघात नको, दुसरीकडे आई म्हणते अपघातच लिही आणि तोही अशक्य. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी कागदावर पुलाची लांबी आणि खांबांची संख्या लिहून ठेवली होती आणि पेन तिथेच अडकलं होतं.

निदान दांडक्याबद्दल चार ओळी रंगतदार मिळतील म्हणून मी पंक्चरवाल्या काकांकडे गेले. काका पूर्वी याच रस्त्यावर ट्रक चालवायचे. आता नाक्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत बसले होते.

"दांडकं?" ते म्हणाले. "कटकट होती नुसती. घाईत असलं की समोर काचेपाशी टाकायचं आणि द्यायचं राहून जायचं. कोसभर गेल्यावर आठवायचं. मग कोण परत फिरणार? दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं."

"आणि तोवर पूल बंद?"

"नियमाने बंद. मोठ्या साहेबांनी नवं दांडकं आणून दिलं तर चालू. तुझ्या मामाकडे तसंच व्हायचं. तो नियमाचा असला पक्का, लोकांनी सात पिढ्या उद्धारल्या तरी हा बाकावर ढिम्म. तुझ्या बाबांच्या टोकाला मात्र तसं नाही. दांडकं तिकडे कोणी पळवलं तर तासाभरात पूल चालू."

"कसा?"

काका हसले. "तुझी आई होती ना. फावड्याचा दांडा कापायची, लाल रंग फासायची, सुतळी बांधायची, की झालं. अगदी हुबेहूब. आम्ही तिला साहेबीणबाई म्हणायचो. मामाला वाटायचं, खात्यानेच धाडलंय. त्याला कळलं असतं तर त्याने मेहुण्याचीच तक्रार केली असती."

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्यूब हळूच खाली ठेवली.

"तुला माहीत नव्हतं? अगं, आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं."

"मग चौकशीत का नाही बोललात?"

"आम्हाला कोण विचारतंय? आणि बोलून काय तुझ्या आईला आत टाकायचं होतं? त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला ठाऊक नाही. ते तिलाच विचार."

घरी येताना माझा नुसता संताप संताप झाला होता. सगळ्या रस्त्याला माहीत, टायरवाल्यांना माहीत, आणि मी मात्र जन्मभर वर्गात आणि बाजारात लोकांचे टोमणे ऐकत बाबांची बाजू घेऊन भांडत राहिले. आई स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होती.

"दांडकी तू करायचीस?"

तिचे हात थांबले नाहीत. "पंक्चरवाला बोलला ना? त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही."

"आई."

"हो, करायचे. तुझे बाबा तिथे उन्हात उभे, मागे गाड्यांची ही रांग, आणि लोक त्यांना वाट्टेल ते बोलतायत. मला बघवायचं नाही. पण मी जुनं परत आलं की एक चुलीत घालायचे. कधी चुकले नाही. ज्याने नेलं तो आमच्याच बाजूने परत यायचा आणि माझ्या हातात द्यायचा. दोन दांडकी पुलावर कधी होऊ दिली नाहीत मी."

"त्या दिवशी झाली."

आता ती थांबली. सोललेले दाणे आणि साली एकाच ताटात पडल्या होत्या, त्या वेगळ्या करत बसली.

"आदल्या दिवशी दांडकं घेऊन गेलेला तो ड्रायव्हर, नदीच्या वरच्या अंगाला दुसरा पूल आहे ना, तिकडून वळसा घालून आला. पलीकडच्या बाजूला निघाला. त्याला वाटलं, अलीकडे काय नि पलीकडे काय, दांडकं पुलाचंच. दादा रांगेत कोणाशी तरी हुज्जत घालत होता. खोलीत वहिनी होती. तिच्या हातात देऊन तो गेला. वहिनीने नेहमीच्या खिळ्याला अडकवलं. दादा आला, त्याने खिळ्याकडे पाहिलं, दांडकं आलंय म्हणाला आणि बस सोडली."

"आणि तेव्हाच तू केलेलं बाबांच्या हातात होतं."

"त्यांनी ट्रक सोडला."

"तुला हे कळलं कधी?"

"दुसऱ्या दिवशी. तो ड्रायव्हरच आला होता. तिथे पुलाच्या खोलीत, चुलीपाशी बसून रडला."

"बाबांना?"

"त्यांनाही तेव्हाच सांगितलं. म्हणाले, तू तोंड उघडायचं नाहीस. दांडकं माझ्या हातात होतं, एवढंच मी सांगणार, आणि ते काही खोटं नाही."

मी आईवर ओरडले. एरवी मी तिच्यावर आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. बाबा खोटं बोलले नाहीत, वा, फार छान. आपण खरं बोलून दुसऱ्याला खोटारडा ठरवायचं, हे कुठलं खरं? मामाने काय वाकडं केलं होतं बाबांचं? आणि वर त्याच्यावर रुसून बसायचं? गुन्हा यांचा आणि अबोलाही यांचाच?

"रुसले नव्हते गं ते," आई म्हणाली. "त्यांना तोंड दाखवता येईना. राग असता तर कधीतरी गेला असता."

ते खरं असणार हे मला पटलं, त्यामुळे मी जास्तच चिडले.

"आणि तू? बाबा गेल्यावर तुला कोणी अडवलं होतं?"

"म्हणूनच तर म्हणते, फलकावर लिही. तू लिहिलंस की मला सांगायला नको."

म्हणजे सगळा खटाटोप एवढ्यासाठी. चाळीस वर्षांचं ओझं तिला खात्याच्या फलकावर टेकवायचं होतं, आणि टेकवायला मी पाहिजे होते. मी तिला सांगितलं, मी एक अक्षर लिहिणार नाही. तू आधी मामाकडे जाऊन तोंडाने सांगायचं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लुगड्याची घडी मोडून, पायांत चपला घालून दाराशी उभी होती.

नव्या पुलावरून बस भुर्रकन पलीकडे जाते. आईने खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "लवकर आलं की."

मामेबहिणीने दार उघडलं आणि ती आईकडे बघतच राहिली. मामा आतल्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसला होता. मला आठवत होता तो दाराची चौकट भरून टाकणारा माणूस. हा खुर्चीत अर्धाही उरला नव्हता.

"कोण आहे?"

"मी. बारकी," आई म्हणाली. लहानपणी घरात तिला हेच म्हणत.

"आमच्याकडे होती एक बारकी. दिली तिला नदीपलीकडे. ती गेली ती गेलीच."

त्याने बस म्हटलं नाही आणि आई बसली नाही. उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. माझ्याजवळ सांगितलं होतं त्याहून सरळ, कुठे साली न निवडता. फावड्याचा दांडा, रंग, वळसा घालून आलेला ड्रायव्हर, वहिनी, खिळा. मामाचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, त्याला ऐकूच येत नाहीये.

मग त्याने विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"काय?"

"मी खरं बोलतोय, हे त्याला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून," आई म्हणाली.

मामा मोठ्याने काहीतरी म्हणाला, त्यातलं पहिलं मी लिहू शकत नाही. पुढचं सगळं मला आठवतं.

"रोज त्याच्या नावाने बोटं मोडत आलो मी. एका डब्यात जेवलेला माणूस माझ्याविरुद्ध खोटं बोलला, या एका गोष्टीवर माझा विश्वास बसायचा नाही, आणि मी तो बळंच बसवायचो. मेला तेव्हा मला कोणीतरी रस्त्यात सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं. म्हटलं मी असं. लाज वाटायची तर लाज घेऊन यायचं होतं. मी काय त्याला खाल्लं असतं?"

"मला वाटलं..."

"तू गप्प बस. तुझं अजून यायचंय." त्याने भिंतीकडे हात केला. तिथे मामीचा फोटो होता. आईने तोवर तिकडे मुद्दाम पाहिलं नव्हतं. "ही. ही मला विचारायची, अहो, ते दांडकं मी खिळ्याला अडकवलं, ते पुलावरून आलं होतं की रस्त्यावरून? मी त्या माणसाकडे नीट पाहिलंच नाही. मी म्हणायचो, तुझा काय संबंध, तो खोटं बोलतोय. तरी हिचं आपलं चालूच. जेवताना विचारायची. पोरगी झोपली की विचारायची. शेवटी तापात बडबडायची तेव्हाही हेच. माझ्या हातून झालं का, माझ्या हातून झालं का. तू पूल ओलांडून आली असतीस तर निदान दोघी झाल्या असतात. ती एकटी होती, बारके."

आई पहिल्यांदाच खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर, त्याच्या पायांशी. तिला रडू येत होतं आणि तो तिला रडू देत नव्हता. रडायचं नाही, म्हणाला, रडलीस की मला बोलता येत नाही, आणि मला खूप बोलायचं आहे.

दुपार उलटली तरी त्याचं चालूच होतं. मामेबहिणीने दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो थंड झाला. मध्येच मी घाबरत विचारलं, "मामा, फलकावर लिहू का हे?"

"लिही, दांडकी दोन होती म्हणून. हिचं नाव घालू नकोस."

"घाल," आई म्हणाली. "माझं नाव घाल."

"तुला कळतं काय? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. तुझ्या तोंडात घातलंच ना इतकी वर्षं?"

"माझी गोष्ट वेगळी. तू मध्ये बोलू नकोस."

"का नाही बोलायचं? तू काय अजून माझी वेणी ओढणार आहेस?"

दोघं ऐंशीच्या पुढची माणसं, आणि भांडत होती ती शेंबड्या पोरांसारखी. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. शेवटची बस निघायची वेळ झाली म्हणून मी आईला उठ म्हटलं.

"कुठे नेतेस तिला?" मामा माझ्यावर खेकसला. "माझं झालेलं नाही. आज होणारही नाही."

आईने मान हलवली. "तू जा. मी थांबते."

मी एकटी परत आले. दुसऱ्या दिवशी वह्या बाजूला सारून मजकूर लिहून काढला. गवंडी कोणत्या काठाचा ते कळत नाही, असं लिहिलं. पूल अरुंद का, ते लिहिलं. दांडक्याची पद्धत लिहिली, आणि शेवटी लिहिलं की अपघाताच्या दिवशी पुलावर दांडकी दोन होती आणि दोन्ही राखणदार खरं बोलत होते. नावं कोणाचीच घातली नाहीत. त्यावरून दोघं भांडत बसतील, ते त्यांनी ठरवावं, मी कशाला मधे पडू.

इंजिनियरांचा फोन आला. "मॅडम, फार सुंदर लिहिलंय. फक्त शेवटची दोन वाक्यं काढू या."

"का?"

"दोन दांडकी म्हणजे खात्याची व्यवस्था ढिसाळ होती, असा अर्थ निघतो."

"निघतो नाही, तोच आहे. दांडकं हरवलं तर अर्धा दिवस नवं मिळायचं नाही, म्हणून बायकांना घरी दांडकी करावी लागली."

"तुमचं बरोबर आहे हो, पण फलकावर कशाला? लोक तिथे फोटो काढायला येणार."

मी सांगितलं, ती दोन वाक्यं नसतील तर माझं एकही वाक्य नको. ते म्हणाले, वरिष्ठांशी बोलून कळवतो. त्यांनी कळवलं नाही. आठवड्याभरात खांबापाशी चकचकीत फलक उभा राहिला. त्यावर पुलाची लांबी, रुंदी, खांबांची संख्या आणि खाली मोठ्या अक्षरांत, चुन्यात अंडी वापरल्यामुळे हा पूल शतकभर टिकला, असं लिहिलेलं होतं. मी तिथे भर रस्त्यात उभी राहून एकटीच बडबडले. जाणारे येणारे बघत होते.

घरी येऊन आईला फोन लावला. ती अजून मामाकडेच होती. रोज आज येते म्हणायची आणि येत नव्हती. मी तिला फलकाचं सगळं सांगितलं, खात्याला शिव्या घातल्या, इंजिनियरांना घातल्या, कोंबड्यांनाही सोडलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे गं." ज्या फलकासाठी तिने माझा महिनाभर जीव खाल्ला, त्याबद्दल एवढंच, असू दे गं.

"तू येतेस कधी? औषधं संपली असतील तुझी."

"इथे आणवली. दादाचं अजून भांडून झालेलं नाही."

"आठ दिवस झाले, आई. इतकं काय भांडतोय?"

"अगं, वर्षावार घेतोय तो. त्या वर्षी घर गळत होतं, तेव्हा तू नव्हतीस. त्या वर्षी पोरीला पहिलं स्थळ आलं, तेव्हा तू नव्हतीस. असं म्हणतो, आणि मग ते सगळं पहिल्यापासून सांगतो. कोण काय बोललं, कोणी काय नेसलं होतं, सगळं. मी नुसती हो म्हणते. काल पोरीचं लग्न झालं."

"मग आता राहिलं काय?"



"आज त्याने वहिनीला दवाखान्यात नेलंय," आई म्हणाली. "उद्या बहुतेक ती जाईल. मी इथे नको का?"